फुलपाखरांचा तलाठी

सप्टेंबरातल्या रविवारी पौडहून ताम्हिणीकडे गाडी घातली की रस्त्याकडेला वाकलेली माणसं दिसू लागतात. काहींना घाटातली वळणं सोसलेली नसतात, काहींचं चाक बसलेलं असतं. उरलेला एक जण ना आजारी असतो, ना अडचणीत. पँट मोज्यांत खोचलेली (गोचीड चढू नये म्हणून), डोक्यावर धुऊन धुऊन रंग उडालेली टोपी, गळ्यात कॅमेरा आणि शर्टाच्या खिशात सुतळीने बांधलेली पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते, हे शहाणपण त्याला ताम्हिणीच्या एका सरीत सबंध वही गमावून आलेलं असतं. तो चिखलातल्या एका ओल्या डागाकडे टक लावून बघत असतो. डागावर फुलपाखरू बसलंय हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. जवळ गेलं की ते उडतं, आणि मग तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर सासुरवाडीतसुद्धा कुणाला मिळालेली नसते.

हा फुलपाखरांची नोंद ठेवणारा माणूस. पगार नाही, भत्ता नाही, पेट्रोल स्वतःचं. वय साठीच्या जरा अलीकडे किंवा बरंच पलीकडे. तरुणही असतात, आयटीतले, कॉलेजातले. पण त्यांच्यात हा रोग अजून मुरलेला नसतो, लग्न ठरलं की उतरतो. खरा मुरलेला नमुना निवृत्तीनंतरच बघायला मिळतो. आयुष्यभर लेजरात दुसऱ्यांचे आकडे जुळवले, आता स्वतःचे जुळवायचे. आमच्या माहितीतल्या नमुन्याला सगळे नुसतं ‘काका’ म्हणतात. त्यांचं नाव इथे छापत नाही. त्यांना प्रसिद्धी नकोय असा याचा अर्थ नव्हे. नाव छापलं तर ते अंक मिळवतील, लेखातल्या प्रत्येक फुलपाखराचं नाव तपासतील आणि संपादकांना चार पानी पत्र घालतील.

निसर्गवाल्यांमध्ये पक्षीवाले आणि फुलपाखरूवाले असे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार होतो, पण मनापासून नव्हे. पक्षीवाला पहाटे चारला उठतो, अंधारात घराबाहेर पडतो आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगतो. फुलपाखराचं रक्त थंड. ऊन अंगावर घेऊन पंख तापल्याशिवाय ते जागचं हलत नाही. म्हणून फुलपाखरूवाला पोहे खाऊन, चहा पिऊन, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवून निघतो. नऊ वाजता चांदणी चौकात पक्षीवाल्यांच्या परतणाऱ्या गाड्या आणि फुलपाखरूवाल्यांच्या जाणाऱ्या गाड्या समोरासमोर येतात, तेव्हा काका काच खाली करून ‘काय, झाली का झोप?’ असं विचारतात. एवढ्या एका वाक्यासाठी ते पक्ष्यांकडे वळले नसावेत, असा मला संशय आहे.

काकांशी बोलणं ही मोठ्या सहनशक्तीची बाब आहे. त्यांचं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचत नाही. ‘तुझ्या वडिलांचं ऑपरेशन कसं–’ इथवर आले की मान वळते, बोट ओठांवर जातं आणि ते तुम्हाला तिथल्या तिथे गोठवून टाकतात. ‘हलू नकोस. तुझ्या खांद्यावर आहे.’ तुम्ही भर रस्त्यात एका खांद्याने उभे. वडील जगले की गेले ते काकांना पुढच्या भेटीपर्यंत कळत नाही.

त्यांच्या एका नातलगाच्या दहाव्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. मुळेच्या काठी पिंड मांडलेले. कावळा काही शिवेना. झाडावर चार बसलेले, खाली एकही येईना. घरचे हात जोडून म्हाताऱ्याला एकेक आश्वासन देत होते: धाकट्याचं लग्न करू, वाटणीचं मिटवू, विहिरीचं पाणी दोघांना देऊ. अर्धा तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, इतक्यात काका ओरडले, ‘क्रो! क्रो आला! दोन आहेत!’ सगळ्यांच्या माना वर. ‘कुठाय? कुठाय?’ काका खाली बोट दाखवत होते. घाटाच्या पायरीशी ओल्या मातीवर दोन काळपट-तपकिरी फुलपाखरं पंख मिटून सोंडेने पाणी ओढत बसली होती. कॉमन क्रो, आपल्याकडचा हबशी. काकांनी तिथेच उकिडवं बसून फोटो काढले. त्या गडबडीत खरा कावळा येऊन पिंडाला शिवून गेला, तो कुणीच पाहिला नाही. त्यामुळे म्हातारा नक्की कोणत्या आश्वासनावर मोकळा झाला ते कळायला मार्ग उरला नाही, आणि विहिरीचा वाद अजून चालू आहे.

ओल्या मातीचं हे प्रकरण खरं आहे. फुलपाखरांचे नर मातीतले क्षार शोषायला जमतात. मकरंदात साखर पुष्कळ, पण क्षार नसल्यासारखे. आणि ते नराला विणीच्या काळात लागतात. त्यामुळे फुलपाखरं बघायला फुलांकडे जावं हा कवींनी केलेला घोटाळा आहे. काका जातात ते ओढ्याच्या कडेला, मेलेल्या खेकड्यापाशी, सडक्या उंबरांच्या सड्याखाली आणि जनावरांच्या वाटेवर. राजा आणि नवाब या नावांची रुबाबदार फुलपाखरं आहेत. त्यांना फुलात फारशी गोडी नाही. ती शेणावर आणि सडक्या फळांवर उतरतात. एकदा निवे गावाच्या अलीकडे एका ताज्या पोवट्यासमोर काका गुडघे टेकून, हात जोडल्यासारखा कॅमेरा धरून बसले होते. शेजारून एसटी गेली आणि खिडकीतल्या एका आजींनीही, काही तरी जागृत स्थान असावं अशा समजुतीने, हात जोडले.

नावांचा सगळा घोळ इंग्रजांचा. पुण्याच्या छावणीत आलेल्या अधिकाऱ्यांना दुपारचं करण्यासारखं फार नसावं. कर्नल चार्ल्स स्विनहो यांनी मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर लिहून १८८५ साली ते लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत छापलं. अशा लष्करी माणसांच्या सहवासात इथल्या फुलपाखरांना हुद्दे चिकटले: कमांडर, सार्जंट, लॅस्कर, वर बॅरन आणि बॅरोनेट. साहेब जाळं टाकून धरायचे आणि टाचणी मारायचे. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कितीतरी जातींना संरक्षण आहे, आणि काका तर जाळं बाळगतच नाहीत. टाचणी मारलेलं फुलपाखरू फोटोसाठी अगदी स्थिर बसतं. काकांच्या वाट्याला जिवंत आली, म्हणून त्यांचे निम्मे फोटो हललेले.

तर श्रावणात धबधब्यांवर बंदोबस्त असतो. गाड्यांच्या डिकीत बाटल्या शोधत हवालदार उभे होते आणि वरच्या वळणावरून काकांची आरोळी आली, ‘कमांडर! मागे सार्जंट पण आहे!’ हवालदारांनी टोपी सारखी केली. मग प्रकार समजला. त्यांनी कमांडरचा फोटो नीट बघितला, विटकरी पंखांवरचा पांढरा पट्टा त्यांना आवडला. ‘आमच्यातलं कुणी नाही का यात?’ काका हरखले. ‘आहे ना! कॉन्स्टेबल नावाचं आहे. पण ते इकडे नाही सापडत, हिमालयात आणि ईशान्येला असतं.’ हवालदार गंभीरपणे म्हणाले, ‘बदली झाली असंल.’

आता मोजणीविषयी. १९७० च्या दशकात अर्नी पोलार्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने फुलपाखरं मोजायची एक साधी रीत बसवली. एकच वाट ठरवायची. त्याच वाटेने, एका चालीने, ठरलेल्या दिवसांनी चालत राहायचं. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, पुढे पाच मीटर, एवढ्या चौकटीत दिसेल तेवढंच लिहायचं. चौकटीबाहेर कितीही दुर्मीळ काही उडालं तरी डोळे मिटून घ्यायचे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक असं चालतायत. तेरा अंशांच्या खाली तापमान गेलं तर मोजू नये असा तिथला नियम. काकांनी हीच रीत मुळशी तालुक्यात उचलली. तिथे हा नियम मोडायची संधी त्यांना पौष महिन्यातली एखादी पहाट सोडली तर मिळत नाही, आणि पहाटे ते उठत नाहीत.

सबंध ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती जेमतेम एकोणसाठ. आपल्या एका सह्याद्रीतच सव्वातीनशेच्या वर आहेत. पण त्या एकोणसाठांचा हिशेब त्यांच्याकडे इतका चोख, की २०२४ च्या उन्हाळ्यात पंधरा मिनिटांच्या एका मोजणीत सरासरी सातच फुलपाखरं दिसली, आदल्या वर्षी बारा होती, हे त्यांना आकड्यात सांगता आलं. ही मोजणी घेणाऱ्या तिथल्या संस्थेने फुलपाखरांची आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे कमी झाली की वाढली असं विचारलं तर प्रत्येक जण आपलं लहानपण सांगायला लागतो. काकांना याचा फार राग. ‘आमच्या वेळी पुष्कळ होती म्हणजे किती? लिहिलं होतं का?’

काकांची वाट एका गावच्या देवराईपासून सुरू होते, भातखाचरांच्या बांधाने जाते आणि धरणाच्या पाण्याशी संपते. मुळशीतल्या गावकऱ्यांचा वही-पेन्सिल घेऊन आलेल्या माणसावर विश्वास नाही, आणि नसावाच. टाटांच्या धरणासाठी शेतात मोजणीदार आले, त्यांच्या मागून पाणी आलं. १९२१ साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला, तरी पाणी आलंच. अलीकडे मोजणीदारांच्या मागून पाण्याऐवजी तारेचं कुंपण येतं. म्हणून काका पहिल्यांदा बांधावर दिसले तेव्हा एक मामा काम टाकून समोर उभे राहिले.

‘काय सायब, मोजनीला आला का?’

‘मोजणीच. पण जमिनीची नाही.’

‘मंग?’

‘फुलपाखरांची.’

मामांनी चंची काढली. ‘कुनी सांगितलंय?’

‘कुणी नाही.’

‘पैसं कोन देतं?’

‘कुणी नाही.’

‘घरी कोन हाय का न्हाई?’

‘बायको आहे ना.’

‘तिला ठावं हाय?’

काकांनी विषय बदलला. मोजून काय करणार, या प्रश्नाला ते म्हणाले की लिहून ठेवणार. आणि मग? मग पंधरा दिवसांनी येऊन परत मोजणार. मामांनी तंबाखूला चुना लावला, मळली, झटकली, ओठाखाली ठेवली. ‘म्हंजी तलाठ्याचंच काम की. फकस्त तलाठी येत न्हाई आन् तुमी येता.’

तेव्हापासून त्या वाडीत काका ‘पाखरांचे तलाठी’. सरकारने तलाठ्यांचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, वाडीने काकांचं बदललं नाही. उलट आता त्यांच्याकडे तक्रारीही येतात. ‘अवो तलाठी, औंदा त्यो निळा मोठा आला न्हाई, लिवलंय का?’ निळा मोठा म्हणजे ब्लू मॉर्मन. हे आपलं राज्य फुलपाखरू. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते जाहीर केलं, आणि असं फुलपाखरू ठरवणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून आपण मिरवतो. त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली पानं लागतात. मामांनी जुनं ईडलिंबाचं झाड तोडलं होतं, हे तलाठ्यांनी मागच्याच पानावर लिहून ठेवलेलं होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, ‘हे मातुर खऱ्या तलाठ्यावानी झालं.’

रात्री काकांचा दुसरा जन्म सुरू होतो. व्हॉट्सअॅपवरच्या ग्रुपात दिवसभराचे फोटो येतात आणि ओळख पटवण्याचं कामकाज मध्यरात्रीपर्यंत चालतं. हे वाद बाहेरच्या माणसाने वाचले तर त्याला कुणाचा तरी घटस्फोट चाललाय असं वाटेल. ‘अंडरसाइड दाखवा.’ ‘अंडरसाइड नाही.’ ‘मग कशाच्या जोरावर बोलता?’ सगळ्यात रक्तरंजित भांडणं होतात ती साध्या पिवळ्या चिमुकल्या फुलपाखरावरून. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, एका विशिष्ट कप्प्यात, बारीक खुणा असतात. दोन असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट. फुलपाखरू नखाएवढं, खूण मोहरीहून बारीक, फोटो हललेला. काकांनी एकदा तीन खुणा दिसतात असं छातीठोक लिहिलं. ग्रुपमधल्या आठवीतल्या एका मुलीने फोटो मोठा करून परत टाकला आणि खाली लिहिलं, ‘काका, तिसरी खूण तुमच्या लेन्सवरची धूळ आहे.’ काका दोन दिवस ग्रुपवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते लेन्स पुसूनच, आणि आता अवघड फोटो आधी त्या मुलीला वेगळा पाठवतात.

ग्रुपवर निकाल लागला नाही की प्रकरण आयनॅचरलिस्टवर जातं. तिथे जगभरची माणसं मत देतात आणि पुरेशी मतं जुळली की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळते. काकांना नोकरीत बढती मिळाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले नव्हते. मुळशीतल्या एका चिमुकल्या तपकिरी स्किपरला रिसर्च ग्रेड मिळाली तेव्हा वाटले. सोसायटीतल्यांना नात झाली असं वाटलं. काकांनी तो समज दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण तोवर काकूंच्या हातात दोन झबली पडली होती. बेंगळुरूच्या एनसीबीएसमधले कृष्णमेघ कुंटे यांनी चालवलेला भारतीय फुलपाखरांचा मोठा संग्रहही अशाच हजारो हौशी माणसांच्या फोटोंवर उभा आहे. कुंट्यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं २००० सालचं पुस्तक काकांच्या देवघराशेजारच्या कपाटात असतं. आयझॅक किहिमकरांचं जाडजूड पुस्तक देवघरातच असतं, कारण ते कपाटात मावत नाही.

याच कुंट्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या फुलपाखरांच्या ऋतूंवर केलेला एक अभ्यास १९९७ साली छापून आला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात इथे फुलपाखरांची चलती असते, असा त्याचा निष्कर्ष. हा काकांच्या संसाराच्या मुळावर आला. गौरी-गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र, कोजागरी, सगळं नेमकं त्या दोन-अडीच महिन्यांत. त्यात २०२० पासून सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून साजरा व्हायला लागला. ‘आपल्या पूर्वजांनी सण लावताना कीटकांचा काही विचारच केला नाही,’ असं काका गौरीजेवणाच्या पंक्तीत म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना पुरणपोळीच्या दुसऱ्या वाढीला मुकवून गेलं.

काकूंचा खटला वेगळा आहे. त्यांच्या दारात कुंडीतला कढीपत्ता आहे. म्हणजे होता, आहे, असतो आणि नसतो. कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय या दोघींची अंडी त्यावर पडतात. अळी लहान असते तेव्हा पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते, म्हणून काकू पुसायला जातात आणि काका धावत येतात. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानं अशी संपवते की फक्त शिरा उरतात. हात लावला तर डोक्यामागून तांबूस दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. काकूंनी तो वास घेतलाय. ‘दारातला कढीपत्ता अळीला आणि फोडणीचा मंडईतून,’ हे त्यांचं वाक्य पाहुण्यांना पाठ आहे. पण कोष फुटायची वेळ आली की बरणीपाशी पहाटेपासून काकूच बसलेल्या असतात. काका झोपलेले असतात, ते फुलपाखरूवाले.

त्याच २०२० साली राष्ट्रीय फुलपाखरू निवडायला लोकांची मतं मागवली गेली. सात उमेदवार होते, साठ हजारांच्या आसपास मतं पडली. काकांचं ब्लू मॉर्मन उमेदवारांच्या यादीतच नव्हतं. ते दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात, काकू म्हणतात एक वेळ. मग त्यांनी कॉमन जेझबेलचा प्रचार हाती घेतला. त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके, म्हणून आपल्याकडे ते हळदीकुंकू. काकांनी नात्यातल्या सगळ्या बायकांना फोन केले. ‘हळदीकुंकवाला नाही म्हणू नये,’ एवढाच मुद्दा. त्या फुलपाखराची अळी आंब्यावर माजलेल्या बांडगुळाची पानं खाते, हा मुद्दा त्यांनी कोकणातल्या बागाईतदार मेव्हण्यासाठी राखून ठेवला होता. हळदीकुंकू पहिल्या तिनांत आलं. ते आपल्या फोनमुळे आलं असं काका म्हणत नाहीत, पण कुणी म्हटलं तर नाकारतही नाहीत.

काकांचे शत्रू दोन. पहिला ‘लोकेशन प्लीज’वाला. याच्याकडे काकांच्या दहापट किमतीची लेन्स असते आणि त्याला नोंद नको असते, फोटो हवा असतो, तोही आजवर न मिळालेल्या फुलपाखराचा. ब्लू ओकलीफ कारवीत दिसलं असं कळलं की पुढच्या रविवारी त्या जागी सहा गाड्या. वाळक्या पानासारखं दिसणारं ते फुलपाखरू निळा पंख उघडेना म्हणून कुणी काडीने ढोसतं, फोटोच्या आड येते म्हणून कुणी कारवीच मोडतं. त्याच्या अळीचं खाणं म्हणजे ती कारवी. काका म्हणतात, ‘जेवायला आले आणि चूल फोडून गेले.’ काकांनी तेव्हापासून दुर्मीळ नोंदींचा पत्ता ‘मुळशी तालुका’ एवढाच द्यायचं ठरवलंय. विचारलं तर म्हणतात, तालुका मोठा आहे, हिंडा.

दुसरा शत्रू फार सज्जन असतो आणि काकांना आग्रहाने चहाला बोलावतो. त्याने धरणाकाठी एनए प्लॉट घेऊन फार्महाऊस बांधलेलं असतं. बायकोच्या हौसेखातर त्यात ‘बटरफ्लाय गार्डन’ केलेलं असतं: लॉन, जास्वंद, परदेशी रोपं, मधे एक सिमेंटचं फुलपाखरू. ‘बघा, किती येतात!’ काका बघतात. येतात खरी, मध पिऊन जातात. अंडी घालायला जागा कुठे आहे? प्लेन टायगरला रुई लागते, ती अपशकुनी म्हणून उपटली. कॉमन रोझला ईश्वरीचा वेल लागतो, तो कुंपणावरून ओढून काढला. ग्रास यलोला टाकळा चालतो, त्यावर तणनाशक. एरंडावर अँगल्ड कॅस्टरच्या अळ्या होत्या, माळ्याने कीड म्हणून फवारून टाकल्या. काका चहा पितात, बिस्किट घेत नाहीत. त्यांचा निषेध इतकाच तीव्र असतो.

ताम्हिणीच्या वरच्या अंगाचं सुमारे पन्नास चौरस किलोमीटर जंगल २०१३ साली अभयारण्य झालं, ते बरंच झालं. पण काकांची वाट अभयारण्यात नाही. ती खाजगी मालकीच्या, पडीक, नावालासुद्धा सुंदर नसलेल्या जागेतून जाते, आणि तालुक्यातली पुष्कळ जमीन तशीच आहे. देवराया राहिल्या त्या देवाच्या धाकाने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहिलं, तेव्हा आपल्या गावकऱ्यांनी जे राखलं त्याला शास्त्रज्ञांचीही साक्ष मिळाली. बांधावरच्या रुईला मात्र ना देव, ना शास्त्रज्ञ.

काकांच्या वहीची दोन-तीन पानं मी वाचली आहेत. वाचायला अत्यंत कंटाळवाणी. तारीख, वेळ, ऊन किती, वारा किती. मग कॉमन ग्रास यलो १४, कॉमन फोर-रिंग ९, लेमन पॅन्सी ६. पंधरा दिवसांनी तेच, थोडे आकडे इकडेतिकडे. दुर्मीळ काही नाही. आणि मग एका मार्चमधलं पान. डोंगराला वणवा लागून गेला होता, कुणी गवतासाठी लावला, कुणी बिडी टाकली, नेहमीचंच. त्या पानावर सगळ्या ओळी लिहिल्या आहेत, प्रत्येक फुलपाखराचं नाव नीट घातलं आहे आणि प्रत्येक नावापुढे ०. मी म्हटलं, काहीच दिसलं नाही तर सबंध पान कशाला भरायचं? एका ओळीत ‘काही नाही’ लिहून घरी यावं. काका पहिल्यांदाच क्रियापदापर्यंत बोलले. ‘बघितलं आणि नव्हतं, हे वेगळं. बघितलंच नाही, हे वेगळं. लिहिलं नाही तर पुढच्याला फरक कळायचा कसा?’

आणखी पुढे त्या वहीत वाटेवर एक कुंपण येतं. काकांनी तेही नोंदलंय: ‘खांब ३१ ते ५८, तार. वाट वळवली.’ पुढच्या पानापासून ग्रास यलो चौदावरून पाचावर. मग रखवालदाराशी ओळख झाली, त्याने फाटक उघडायला सुरुवात केली आणि वाट पुन्हा सरळ झाली. आकडा सातावर आला, पण चौदावर गेला नाही. या जागी काय होतं आणि काय गेलं, याची लेखी नोंद मला तरी दुसरीकडे कुठे दिसली नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदललेलं दिसेल. पिवळ्या फुलपाखराचं तिथे खातं नाही.

काकांच्या हयातीत या वहीचं कुणी काही करेल असं मला वाटत नाही. ती आठवीतली मुलगी आता त्यांच्याबरोबर वाटेवर जाते, एवढं खरं. आणि चौकटीबाहेरचं काका बघायला लागले की तीच त्यांना दटावते. लोकेशन प्लीजवाल्यांच्या भिंतीवर ओकलीफचे मोठे फोटो लागतील आणि ते सुंदरही असतील. पण मुळशीत फुलपाखरांचं नक्की काय झालं हे उद्या कुणाला सांगायचं असेल, तर त्याला त्या कंटाळवाण्या वहीकडेच यावं लागेल. माझं मत विचाराल तर ताम्हिणीत दुर्मीळ फुलपाखरू टिपणाऱ्या शंभर जणांपेक्षा साधं फुलपाखरू पंधरा दिवसांनी पुन्हा मोजणारा एक खडूस म्हातारा मी पसंत करेन, मग तो माझ्या वडिलांची चौकशी अर्धवट सोडून पळाला तरी चालेल.

तुमचा मुळशीत प्लॉट असेल, किंवा घ्यायचा बेत असेल, तर तलाठ्यांचा एक निरोप आहे. कुंपणालगत हातभर पट्टा तसाच सोडा: रुई, टाकळा, एरंड, असलाच तर ईश्वरीचा वेल. फवारणीआधी एकदा पान उलटून बघा. अळी असली तर महिनाभर थांबा, ती आपली आपण जाते. आणि फाटकाशी टोपीवाला माणूस वही घेऊन उभा दिसला तर त्याला आत घ्या. बिस्किट नका देऊ, तो घेणार नाही.